डावं पान, उजवं पान

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घरून काम करणाऱ्यांसाठी लेख आला होता. त्यासोबत कापून भिंतीवर लावायचा एक तक्ताही होता. सात वारांच्या सात ओळी आणि दोन रकाने, एक 'आजचं काम' आणि दुसरा 'आजची सर्जनशीलता'. दोन्ही रकान्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरात एकच सूचना: ध्येय आकड्यात लिहा. पहिल्या रकान्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुसऱ्यात आकडा लिहून मी एकदा चांगलीच तोंडावर आपटले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी मी कोण ते सांगते. २०११पासून मी घरून भाषांतराचं काम करते. यंत्राच्या खोक्यात तळाशी जी माहितीपुस्तिका असते, जी खोकं उघडताना कोणी वाचत नाही आणि यंत्र बंद पडल्यावर घरभर शोधतात, ती मराठीत आणणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. 'झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढा', 'खट् असा आवाज येईपर्यंत दाबा', ही माझी साहित्यसेवा. मी सुरुवात केली तेव्हा घरून काम म्हणजे काम नसणं असाच लोकांचा समज होता. 'घरीच असतेस ना, मग जरा...' या वाक्याने माझ्या किती दुपारी गिळल्या, त्याचा हिशेब नाही. २०२० उजाडलं आणि तेच लोक फोन करून माझं वेळापत्रक मागू लागले.

दुसरा नाद शब्दकोड्यांचा. सोडवण्याचा नव्हे, रचण्याचा. सोडवायचं खातं आमच्या नानांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. ते पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसतात आणि मी केलेलं प्रत्येक कोडं त्यांच्या हाताखालून जातं. ते शिक्षक होते. लाल शाई सुटली, सवय सुटली नाही.

आता मुद्द्याचं. लेखात म्हटलं होतं की 'जमेल तेवढं करू' हे ध्येयच नव्हे, ध्येय नेमकं आणि थोडं अवघड हवं. हे अगदी बरोबर आहे. एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञाने १९६८मध्ये हेच मांडलं. पुढे गॅरी लॅथम यांच्याबरोबर २००२मध्ये त्यांनी ३५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हाही ते टिकून होतं. मलाही वेगळं सांगायचं नाही. 'आज जमेल तेवढं' म्हणून बसले की संध्याकाळी माझे ९०० शब्द झालेले असतात आणि टेबलाचे खण मात्र लखलखीत आवरलेले असतात. 'एक वाजायच्या आत हजार' असं कागदावर लिहिलं की खण तसेच पसरलेले राहतात आणि हजार होतात. ऑफिसात ही टोचणी आजूबाजूची माणसं देतात. घरी ती आपणच तयार करून टेबलावर ठेवावी लागते.

पण त्याच आढाव्यात एक अट आहे आणि तक्त्यांमध्ये ती कधी येत नाही. काम गुंतागुंतीचं असेल आणि ते कसं करायचं हेच अजून सापडलेलं नसेल, तर निकालाचा आकडा डोळ्यांपुढे ठेवल्याने काम बिघडू शकतं. तिथे 'इतकं करीन'पेक्षा 'याच्या चार वाटा शोधीन' हे ध्येय जास्त उपयोगी पडतं. ही अट मला माहीत नव्हती असं नाही. माहीत असूनही मी शेण खाल्लं, ते असं.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी वहीत लिहिलं: ३० दिवसांत ३० कोडी. नेमकं, मोजता येणारं, अवघड आणि मुदत असलेलं. आपल्या लेखाने पाठ थोपटली असती.

कोडं रचताना काय होतं ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. मराठी कोड्यात एका चौकोनात एक पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. म्हणजे 'पुस्तक' तीन घरांचा: पु, स्त, क. आता मधल्या 'स्त'मधून उभा शब्द काढायचा आहे. 'रस्ता' चालत नाही, कारण तो 'स्ता'. 'हस्ती' नाही, 'वस्तू' नाही. 'स्त'च हवा. मग 'दोस्त', 'रास्त', 'मस्तक', 'स्तवन' अशी मोजकी मंडळी दारात उभी राहतात आणि त्यांच्यातला जो कोणी बसवाल, तो पुढच्या दोन अक्षरांची नवी अडचण घेऊन आत येतो. इंग्रजी कोडं रचणाऱ्याला २६ अक्षरांत खेळायचं असतं. आमची बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर शेकड्यांत मोजावं लागतं. त्यात काळे चौकोन असे हवेत की वही उलटी धरली तरी आकृती तीच दिसावी. हा हट्ट माझा, नियम म्हणून कोणी माझ्यावर लादलेला नाही. एकेका कोपऱ्यावर दोन-दोन दिवस जातात आणि त्या दोन दिवसांत कागदावर काहीही दिसत नाही. खोडलेलं तेवढं दिसतं.

पहिला आठवडा झकास गेला, कारण डोक्यात साठा होता. दुसऱ्या आठवड्यात मी जोडाक्षरांना हात लावणं सोडलं. तसं ठरवलं नव्हतं, हात आपसूक सोप्या शब्दांकडे गेला. नवल, सरळ, पवन, नगर. सगळे बिनकान्याचे, गरीब स्वभावाचे, कुणाशीही जमवून घेणारे. आणि या सगळ्यांचा राजा कमळ. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात हा शब्द सोन्यासारखा बसतो, कारण 'ळ'ने संपणारे उभे शब्द ढिगाने आहेत. एकदा बसवला, दुसऱ्यांदा बसवला. सूत्र मात्र दर वेळी बदललं, म्हणजे चोरी कळू नये. 'पंकज', मग 'चिखलातलं फूल', मग 'भुंगा इथे अडकतो'.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस नानांनी पेन्सिल कानावर खोचली आणि कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "उजव्या कोपऱ्यात चौथ्यांदा कमळ उमललं गं. तळं केलंस की काय?"

मी हसले, पण ३० पुरी केली. वहीत तीसच्या तीस खुणा आहेत, एकही दिवस चुकलेला नाही. त्यातली आज कुणाला दाखवावीत अशी कोडी चार, आणि ती चारही पहिल्या नऊ दिवसांतली. त्या महिन्यात मी कोडी रचण्यात तरबेज झाले नाही, खुणा करण्यात झाले.

तेव्हा बँक ऑफ इंग्लंडचे सल्लागार असलेले अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्ये पतधोरणाबद्दल बोलताना एक निरीक्षण मांडलं होतं. आज ते साधारण असं सांगतात: मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं मोजमाप उरत नाही. त्यांच्या मनात देशाचा पैसा होता, माझ्या टेबलावर नऊ बाय नऊचे चौकोन. नियम दोन्हीकडे सारखाच लागू झाला. ऑफिसात असं काही झालं असतं तर शेजारच्या टेबलावरून कोणीतरी टोकलं असतं. घरी ध्येय ठरवणारी मी, तपासणारी मी आणि शाबासकी देणारीही मीच. नाना नसते तर जुलैतही ३१ कोडी झाली असती.

घरून काम केलं की उत्पादकता वाढते, याला पुरावा म्हणून तेरा टक्क्यांचा एक आकडा नेहमी फेकला जातो. तो खोटा नाही. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका चिनी प्रवास-कंपनीत नऊ महिने प्रयोग केला होता, तो २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला तो आकडा आहे. पण तो उलगडून बघावा. प्रयोगातली माणसं कॉल सेंटरमध्ये फोन घेणारी होती, म्हणजे काम मोजता येण्याजोगं होतं. आणि तेरातले नऊ टक्के आले ते जास्त मिनिटं काम केल्यामुळे, म्हणजे सुट्या आणि मधली विश्रांती कमी झाल्यामुळे. दर मिनिटाला जास्त फोन घेतल्यामुळे वाढले ते चारच टक्के. हे वाचल्यावर मी जरा चपापले. जास्त वेळ खुर्चीत बसून माझ्या माहितीपुस्तिकेची पानं वाढतील, हे खरं. कोड्याचं एक सूत्रही त्याने सुधारत नाही. उलट संध्याकाळपर्यंत डोक्याचा पार भुगा होतो आणि मग कमळच सुचतं.

तेव्हापासून माझ्या वहीची दोन पानं वेगळी झाली आहेत. डावं पान पोटाच्या कामाचं. तिथे आकडेच आकडे: किती शब्द, किती वाजेपर्यंत, प्रत्यक्षात किती झाले. या पानाचा एक फायदा मला उशिरा कळला. मागे एका कामाला मी चार दिवस सांगितले आणि लागले सात. मूळ पुस्तिकेत एकाच खिटीला तीन ठिकाणी तीन नावं दिली होती आणि ती एकच खिटी आहे हे कळायला प्रत्येक आकृती बोटाने लावून बघावी लागली. हे आधी कळणार कसं, असं म्हणून मी सुटले असते. पण डावी पानं मागे उलटली तर प्रत्येक कामात कुठली ना कुठली खिटी होतीच. १९९४च्या एका अभ्यासात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल असं विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. सगळं शक्य तितकं बिनसलं तर? तरी ४९ दिवस, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात लागले ५५हून जास्त. आपली वाईटात वाईट कल्पनासुद्धा आशावादी असते म्हणायची. मी आता अंदाज करतच नाही. मागची तशीच तीन कामं काढते आणि त्यांना लागलेले दिवस सांगते. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण माझे रविवार वाचतात.

उजव्या पानावर आकडा लिहायचा नाही, हा नियम. तिथे ध्येय एवढंच: चष्मा बदलला की वही उघडायची. माझे दोन चष्मे आहेत, एक संगणकाचा आणि एक जवळचं वाचायचा. सकाळी जवळचा चष्मा डोळ्यांवर चढला की कोड्याची वही पुढ्यात येते आणि ४० मिनिटं तिथून उठायचं नाही. काही सुचलं नाही तरी उठायचं नाही, आणि भन्नाट सुचत असलं तरी ४० मिनिटांनी उठायचं. 'अमुक झालं की तमुक करायचं' अशा ठरावाला बळ असतं, असं मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९९मध्ये दाखवलं होतं. नुसतं 'रोज कोडी करीन' या संकल्पाला खुंटी नसते, चष्म्यामुळे ती मिळाली.

नानांनी यावरही बोट ठेवलं. "चाळीस हा आकडाच ना?" आहे. पण तो माझ्या बसण्याचा आकडा आहे, कोड्याचा नाही. बसणं माझ्या हातात आहे, सुचणं नाही. जे हातात नाही त्याचं ध्येय ठरवलं की माणूस लबाडी करायला लागतो. निदान मी तरी लागले.

उठताना त्या पानावर एक ओळ लिहायची: आज काय पुढे सरकलं. 'वरचा डावा कोपरा सुटला नाही, पण 'स्त' तिथे बसणारच नाही हे कळलं' ही सुद्धा ओळ चालते. टेरेसा अमाबिले या संशोधिकेने २३८ नोकरदारांच्या जवळपास १२,००० रोजनिशी-नोंदी तपासल्या होत्या. माणसाचा दिवस चांगला करणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर आला तो अर्थपूर्ण कामात थोडंसं का होईना पुढे सरकण्याचा. माझी ती ओळ बहुतेक दिवशी रडकी असते. तरी ती लिहिल्यावर वही मिटणं सोपं जातं.

मधे 'कडक' या शब्दाला सूत्र हवं होतं. शब्दकोशातलं 'कठोर' लिहून मोकळं होता आलं असतं. जूनमध्ये मी तेच केलं असतं. उजव्या पानावर अकरा दिवस 'कडक : नाही सुचलं' अशा अर्थाच्या ओळी आहेत. बाराव्या दिवशी ४० मिनिटं संपवून उठले आणि घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते. दाराची बेल वाजली म्हणून वळले आणि वळता वळताच सुचलं: 'दोन्हीकडून वाचा, शिस्त तशीच राहते.' बेल वाजवणारा बिचारा बाहेर उभा आणि मी आत पेन्सिल शोधत. आता सांगा, तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात याची नोंद कशी करायची? अकरा शून्यं आणि मग एक? की एकाला बाराने भागून?

येरझाऱ्यांचं मला आधी वाटायचं की ती पळवाट आहे. स्टॅनफर्डच्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांचा २०१४चा अभ्यास वाचल्यावर मी येरझाऱ्यांची लाज सोडली. चालताना लोकांना नव्या कल्पना जास्त सुचल्या. बाहेर निसर्गात जाण्याचीही गरज पडली नाही, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. माझ्यासाठी महत्त्वाचा भाग मात्र पुढचा आहे. ज्या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर असतं, तिथे चालण्याने मदत झाली नाही, उलट किंचित नुकसानच झालं. माझ्या वहीशी हे तंतोतंत जुळतं. चौकट भरणं म्हणजे एकच उत्तर शोधणं. ते चालता चालता कधीच होत नाही, त्याला मान खाली घालून बसावंच लागतं. सूत्र सुचणं हे दुसरं काम. एकाच कोड्याच्या दोन भागांना दोन वेगळ्या जागा लागतात आणि दोन्ही मला घरातच शोधाव्या लागतात. आपल्या तक्त्यात हे सगळं 'सर्जनशीलता' या एका शब्दाखाली बसवलं होतं.

कोडी रचणारी माझी एक मैत्रीण आहे. आठवड्यातून एकदा आम्ही सूत्रांची देवाणघेवाण करतो. पूर्वी व्हिडिओवर बसायचो, आता फक्त आवाज चालू ठेवतो आणि दोघी आपापल्या घरात फिरतो. २०२२मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की व्हिडिओवर बोलणाऱ्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्यांपेक्षा कमी कल्पना सुचल्या, कारण नजर पडद्याला खिळून राहते. सुचलेल्यातून चांगली कल्पना निवडण्यात मात्र त्या मागे पडल्या नाहीत. कॅमेरा बंद करणं हा आमचा घरगुती उपाय, अभ्यासाने तो सांगितलेला नाही. निवड करायची वेळ आली की आम्ही पुन्हा कॅमेरा लावतो. मैत्रिणीचा चेहरा पाहिल्याशिवाय सूत्र फसलंय हे कळत नाही.

शेवटचं ध्येय थांबण्याचं, आणि तेच मला सर्वांत जड गेलं. त्या चिनी प्रयोगातल्या नऊ टक्क्यांची खरी किंमत घरी कळते. ऑफिसचे दिवे मालवतात, घरी माझ्याशिवाय कोण मालवणार? एक पान, अजून एक पान, असं करत रात्र व्हायची. आता सहा वाजता संगणकाचा चष्मा डबीत, डबी खणात. उरलेलं काम उद्या कुठून सुरू करायचं ते डाव्या पानावर लिहायचं, म्हणजे ते रात्रभर डोक्यात घोळत नाही. मेसिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११च्या प्रयोगांतही तेच दिसलं. काम पुरं होण्याची गरज नसते, पुढच्या पावलाचा नीट बेत केला तरी मन त्याला सोडतं. चष्मा नसला की पडद्यावरचं मला धड दिसत नाही, त्यामुळे मोह झाला तरी निभत नाही. वाढत्या वयाचा एवढा एकच फायदा मला आतापर्यंत सापडला आहे.

आपण तो तक्ता पुन्हा छापणार असाल तर विनंती एवढीच की दुसऱ्या रकान्यावरची सूचना काढून टाकावी. रकाना कोरा राहू द्या. रेघासुद्धा नकोत. त्यात कोणी ओळ लिहील, कोणी आकृती काढेल, कोणी अकरा दिवस काहीच लिहिणार नाही. डाव्या रकान्यात मात्र आणखी एक बारीक घर घाला: 'किती वाजता थांबलो'. तिथे आकडा हवाच.

पत्र लांबलं, हे मला दिसतंय. काटछाट करायला माझी हरकत नाही, ते मीही दुसऱ्यांच्या मजकुराचं रोज करते. फक्त नानांचं तळ्याचं वाक्य ठेवा, नाहीतर ते मला विचारतील.

सोबत नऊ बाय नऊचं एक कोडं जोडलं आहे. ते छापावं असा आग्रह नाही. नाना गेले दोन दिवस आडव्या चौदावर अडून बसले आहेत आणि उत्तर सांगितलेलं त्यांना खपत नाही. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात कमळ नाही, एवढी हमी देते.

आपली,
एक जुनी वाचक